गोदामातली ऊब

आमच्या संशोधन संस्थेत तिला सगळे किडेबाई म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा. तिला त्याचं काही वाटत नसे. फोनवर पलीकडचा माणूस नाव घ्यायला अडखळला की तीच म्हणायची, "हां, किडेबाईच बोलतेय, बोला." मी तिच्या शेजारच्या खोलीत बसायचे. अन्नात विष किती आहे ते मोजायचं, हे माझं काम. तिचं काम किड्यांचं, पण किडे पकडून टाचण्यांना टोचणाऱ्यांतली ती नव्हती. धान्याच्या पोत्यात सोंडकिड्यांची एक जोडी शिरली तर उन्हाळा सरेपर्यंत त्यांचे किती होतील, कुठे गर्दी करतील, कशाने थांबतील, याचं गणित ती मांडायची. "मला किडे आवडत नाहीत गं," ती म्हणायची. "त्यांचा पसारा कसा वाढतो, ते बघायला आवडतं."

मूळची ती गणिताची. कुठे नोकरी लागेना, तेव्हा आमच्याकडे एक जागा निघाली. किड्यांचं नाव ऐकून बाकीच्या उमेदवारांनी काढता पाय घेतला आणि ही चिकटली. पुढे त्यातच मुरली. पाहुणी म्हणून कुणाकडे गेली तरी स्वयंपाकघरात शिरून धान्याच्या डब्यात हात घालायची. नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा, मवाळ माणूस. पण त्यानेही एकदा तिला दारातच दम भरला होता, "आपण लग्नाला चाललोय, धाड टाकायला नाही."

तिच्या अभ्यासाचं सार साधं होतं. सोंडकिडा दाण्यात अंडी घालतो आणि अळी आतून दाणा पोखरते. एका थप्पीत असे लाखो जीव झाले की त्यांच्या श्वासाने आणि हालचालीने थप्पीचा गाभा तापतो. तिथली वाफ बाहेरच्या गार पोत्यांवर येऊन जिरते आणि ओल आली की बुरशी धरते. त्या बुरशीचे कण अंगावर घेऊन किडे पुढच्या पोत्यात जातात. मक्यावर येणारी एक बुरशी तर विष तयार करते. त्याला ना वास, ना चव, आणि शिजवूनही ते जात नाही. थोडं थोडं खाल्लं तर वर्षानुवर्षं यकृत पोखरतं. एकदम जास्त गेलं तर माणूस पिवळा पडतो आणि हातचा जातो.

म्हणून तिने अन्न खात्याला अहवाल दिला होता की राखीव साठ्यातला जुना माल आधी बाहेर काढा, थप्प्या इतक्या उंच रचू नका, आणि गोदाम किती भरलं याचा अभिमान बाळगण्यापेक्षा ते किती वेळा रिकामं झालं ते बघा. खात्याला उंच थप्प्यांचे फोटो प्रिय होते. अहवाल विचाराधीन असल्याचं उत्तर आलं. विचाराधीन म्हणजे काय, हे ज्याने कधी सरकारी कचेरीचा उंबरा झिजवलाय त्याला सांगायला नको.

मग सलग दोन हंगाम पिकं गेली. दुकानांतून पीठ दिसेनासं झालं, आणि जिथे दिसायचं तिथे सकाळपासून रांग. सरकारने जाहीर केलं की राखीव मका बाहेर काढणार, आधी निवासी शाळांना, मग रेशन दुकानांना. लोकांच्या जिवात जीव आला. किडेबाईच्या मात्र तोंडचं पाणी पळालं. तिने खात्यात फोनवर फोन लावले. साहेब दौऱ्यावर आहेत, एवढंच कळलं.

अशात जनावरांच्या डॉक्टरचा फोन आला. गोठ्यांतल्या माश्यांच्या कामात त्याची-तिची ओळख झाली होती. तो म्हणाला, "बाई, मोठ्या गोदामाच्या मागच्या वस्तीत कुत्री मरतायत. मला वाटलं साथ असेल, पण लस दिलेलीही मरतायत. डोळे पिवळे. एकाचं पोट उघडून पाहिलं तर यकृताचा नुसता चिखल झालेला. तुमचा मका आठवला म्हणून फोन केला."

तिने माझ्या खोलीचं दार ढकललं. "पिशव्या घे आणि चल," एवढंच बोलली.

वस्ती म्हणजे गोदामाच्या भिंतीला टेकून उभी असलेली पत्र्याच्या घरांची ओळ. हमाल आणि झाडणाऱ्या बायका तिथे राहायच्या. एक काळं कुत्रं गटाराशेजारी पडलं होतं. माणूस जवळ आला तरी उठत नव्हतं. एक म्हातारी दारात भांडी घासत होती. किडेबाई तिच्यासमोर उकिडवी बसली.

"आजी, कुत्र्यांना खायला काय घालता?"

म्हातारीला प्रश्नच चमत्कारिक वाटला. "त्यांना वेगळं कोण करणार बाई? आम्ही खातो तेच. उरलंसुरलं."

"आणि तुम्ही काय खाता?"

"झाडणीचा मका. गोदामात खाली सांडतो ना, तो सून झाडून आणते. चाळून, दळून घेतो. बाहेर काही मिळतंय का आता?"

मी किडेबाईकडे पाहिलं. ती म्हातारीच्या पाठीमागे, घराच्या आत बघत होती. आत खाटेवर कुणीतरी भिंतीकडे तोंड करून झोपलं होतं.

"सून कुठाय?" तिने विचारलं.

"तीच ती. चार दिस झाले, अन्न टिकत नाही पोटात."

ती उठून आत गेली. सुनेने मान वळवली तेव्हा अंधाऱ्या खोलीतही तिच्या डोळ्यांचा पिवळेपणा दिसला. पोट फुगलं होतं, पाय सुजले होते. किडेबाईने तिच्या कपाळावर हात ठेवला आणि मला म्हणाली, "गाडी मोकळी कर. हिला आधी न्यायचं." तिचा हमाल नवरा कामावरून धावत आला. त्या दोघांना आम्ही आमच्या गाडीतून इस्पितळात पाठवलं. वस्तीतल्या घराघरांतून झाडणीचं पीठ गोळा करायला जनावरांचा डॉक्टर थांबला. त्याच्या हातात कुणी सुखासुखी पीठ देईना. एका बाईने तर डबा पोटाशी धरून दाराला कडी घातली.

आम्ही गोदामात गेलो. गोदामपाल आधी परवानगीचा कागद मागू लागला. किडेबाई म्हणाली, "तुमच्या झाडूवाल्या बाईला आत्ताच इस्पितळात पाठवलंय. कागद नंतर आणते." तो बाजूला झाला.

आत छतापर्यंत थप्प्या, मधून जेमतेम माणूस जाईल एवढी वाट. बाहेर ऊन होतं आणि आत त्याहून कोंदट. कान दिला तर बारीक कुरकुर ऐकू यायची, कुणी दूरवर कागद चुरगाळत असावं तशी. पश्चिमेच्या भिंतीजवळ तिने बाही वर केली आणि दोन पोत्यांच्या फटीत खांद्यापर्यंत हात घातला. तशीच उभी राहिली. मग हात काढला. त्यावर भुरकट पीठ आणि चार-पाच सोंडकिडे.

"हात लावून बघ," ती म्हणाली.

मी हात घातला. तापलेल्या माणसाच्या काखेत असावी तशी ऊब होती.

पोत्यात खुपसायच्या पोकळ नळीने आम्ही जागोजागचे नमुने काढले. पुढचे दोन दिवस मी प्रयोगशाळेतून हलले नाही. आकडे आले ते विचित्र होते. काही नमुने स्वच्छ, काही जेमतेम मर्यादेत, आणि पश्चिमेकडच्या थप्पीतला एक असा, की यंत्र बिघडलं समजून मी तो पुन्हा तपासला. झाडणीच्या पिठाचा तर विचारूच नका. पोखरलेले, हलके, बुरशीचे दाणेच खाली सांडतात, त्यामुळे सगळं विष तिथे गोळा झालेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी इस्पितळातून निरोप आला, झाडूवाली गेली.

किडेबाईने आकड्यांचा कागद उचलला आणि आम्ही अन्न खात्याच्या सचिवांकडे गेलो. हा माणूस वाईट होता असं मी म्हणणार नाही. डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. टेबलावरच्या चहावर साय धरलेली होती आणि खिडकीखाली लोकांच्या घोषणा चालू होत्या. त्यांनी कागद नीट वाचला.

"म्हणजे साठा खराब आहे," ते म्हणाले.

"काही भाग खराब आहे."

"बाई, 'काही भाग' हा शब्द मला चालत नाही. साठा खाण्यालायक आहे असं लिहून द्या, मी उद्या ट्रक सोडतो. नाही असं लिहून द्या, मी गोदामाला सील ठोकतो. मधलं काही माझ्या नियमात नाही."

"सील ठोकलंत तर लोक खाणार काय?"

"तेच मी तुम्हाला विचारतोय!" त्यांचा आवाज चढला. "खाली ओरडतायत ते ऐकू येतंय ना? मका दिला तर किती माणसं दगावतील? नाही दिला तर किती? तुम्ही संख्येच्या तज्ज्ञ ना? मग द्या आकडा."

मला वाटलं, ती काहीतरी उत्तर देईल. तिच्याकडे नेहमी उत्तर असायचं. पण ती म्हणाली, "असा आकडा माझ्याकडे नाही. कुणी देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण हे विष सगळीकडे सारखं नसतं. किडे एका जागी जमतात, ऊबही त्याच जागी वाढते. कुठली थप्पी द्यायची आणि कुठली नाही, ते मी सांगू शकते. मला गोदाम द्या, हमाल द्या आणि थोडा वेळ द्या."

"वेळच नाहीये."

"मग दोन्हींपैकी कुठल्याही कागदावर तुम्हीच सही करा. मी करणार नाही."

सचिवांनी कागद बाजूला सारला. शेवटी म्हणाले, "परवा सकाळी ट्रक निघणार. भरून निघतील की रिकामे, ते तुम्ही ठरवा. आणि काही चुकलं तर माझ्याआधी तुमचं नाव जाईल."

"जाऊ दे," ती म्हणाली.

कपडे बदलायला म्हणून ती घरी गेली, मी सोबत. दार उघडं होतं आणि आत तिची नणंद बसली होती. ही नवऱ्याची थोरली बहीण, शहराबाहेरच्या मुलींच्या निवासी शाळेचं स्वयंपाकघर सांभाळायची. अंगाने दणकट, बोलायला फटकळ, मनाने मऊ. एरवी भावजयीला बघितलं की "आली आमची किडेबाई, झाका डबे" म्हणून हसायची. त्या दिवशी हसली नाही.

"मका तू अडवलास म्हणे?"

"ताई, ऐका तर..."

"तू ऐक. माझ्या पोरी अर्ध्या पोटावर झोपतायत. धाकट्या तर रडायच्याही थांबल्यात आता. उद्या ट्रक येणार म्हणून मी त्यांना सांगून बसलेय. आणि घरच्याच माणसाने आडकाठी घालावी?"

नवरा मध्ये पडला. "ताई, एक बाई मेलीये त्या मक्याने."

"आणि उपाशी किती मेल्या, ते मोजलंय कुणी?" नणंद त्याच्यावर खेकसली. मग जराशी उतरली. "आणि मक्यात काही वाईट असतं तर मला कळलं नसतं? आठवडाभर पेज करून घालतेय मी त्यांना."

किडेबाई बाहीचं बटण लावत होती. तिचे हात थांबले.

"कुठला मका, ताई?"

"तुमच्याच गोदामातला. समारंभ करायचा होता म्हणून वाटपाआधीच एक गाडी पाठवली ना आमच्याकडे. मंत्र्यांनी पोत्यांसोबत फोटो काढले."

किडेबाई बटण तसंच सोडून तिच्याकडे वळली. "कुणी आजारी आहे?" तिने विचारलं. आवाज इतका हळू की नणंदेला पुढे वाकावं लागलं.

"दोघींना उलट्या होतायत. उपाशी पोटाला अन्न सोसत नाही, तसं असेल..." बोलता बोलता तिचं तिलाच काहीतरी उमगलं. ती ताडकन उठली. "चल. आत्ता चल."

शाळेत पोचलो तेव्हा मुलींच्या जेवणाची वेळ होत आली होती. मोठ्या पातेल्यात पेज रटरटत होती आणि मुली वाट्या घेऊन रांगेत उभ्या. नणंद सरळ चुलीपाशी गेली, पातेलं कडांना फडक्याने धरलं, मदतनीस बाईला म्हणाली, "दुसरी बाजू धर," आणि सगळ्या मुलींसमोर ते मोरीत ओतून दिलं. एकीने हुंदका दिला. बाकीच्या नुसत्या वाफेकडे बघत राहिल्या. मी विषं मोजते, पुष्कळ वाईट पाहिलंय. पण त्या मुलींचे चेहरे आजही आठवतात.

आजारी खोलीत दोघी होत्या. एकीला नुसता अशक्तपणा होता. दुसरी बडबडी, आईबाप नसलेली, नणंदेची विशेष लाडकी. तिला नणंद 'चिमणी' म्हणायची. किडेबाईने तिची खालची पापणी बोटाने ओढून पाहिली आणि नणंदेकडे पाहिलं.

"मी घातलं गं," नणंद म्हणाली. "माझ्या हाताने. दुसऱ्यांदा मागितली तर जास्तीची घातली."

"ताई, ते नंतर. हिला आता इस्पितळात न्यायचं."

नणंद चिमणीला पाठुंगळी घेऊन गाडीकडे पळाली. आमच्यासोबत आलेल्या किडेबाईच्या नवऱ्याने शाळेतली सायकल काढली आणि दारोदार फिरून, शिक्षकांच्या घरून, ओळखीच्या दुकानदारांकडून तांदूळ, बटाटे, जे मिळेल ते गोळा केलं. मुली त्या दिवशी उशिरा का होईना, जेवल्या. आम्ही दोघी बसने गोदामात परत गेलो. वाटेत ती खिडकीबाहेर बघत होती.

पुढचं काम कसं झालं ते आता सांगताना सोपं वाटतं. लांब दांड्यांना तापमापक बांधून प्रत्येक थप्पीच्या पोटात खुपसले. हमालांनी सांगितलं कुठला माल कधी आला, कुठे ताडपत्री फाटली होती, कुठे किडे मारायची धुरी अर्धवट राहिली होती. झाडूवालीचा नवरा त्यांच्यात होता. त्याला घरी जा म्हटलं, तर म्हणाला, "घरी काय आहे?" आणि पोती वाहू लागला. किडेबाईने जमिनीवर खडूने गोदामाचा नकाशा काढला आणि गरम, कोमट, गार अशा खुणा करत गेली. तिच्या गणिताप्रमाणे पश्चिमेची भिंत आणि जुना माल वाईट, आणि दाराकडचा नवा माल चांगला निघायला हवा होता. मी एकेका थप्पीचे नमुने तपासत होते आणि तिचं गणित बरोबर येत होतं. गार थप्पी, स्वच्छ नमुना. गरम थप्पी, विष. दुसऱ्या दिवशी दुपारी ती म्हणाली, "गार थप्प्यांपैकी उरलेल्या तपासत बसू नकोस. वेळ जातोय. भरायला घ्या."

पोती ट्रकमध्ये चढू लागली. मी तरीही दाराजवळच्या एका थप्पीचा नमुना यंत्रात टाकला होता, कारण तो आधीच दळून ठेवलेला होता, इतकंच. आकडा आला. थप्पी गार होती. किडे जवळजवळ नव्हतेच. पण विष पश्चिमेच्या थप्पीइतकंच होतं.

मी प्रयोगशाळेतून फोन केला. "दाराजवळची उतरवा! उतरवा आधी!"

पोचले तेव्हा हमाल पोती खाली टाकत होते आणि किडेबाई वर छताकडे बघत उभी होती. पत्र्याला एक छिद्र होतं, बोटाएवढं. गेल्या कधीतरीच्या पावसात तिथून पाणी गळलं असणार. किड्यांशिवायच बुरशी धरली, वाढली आणि ओल सुकल्यावर नुसतं विष मागे राहिलं.

ती तिथेच एका पोत्यावर बसली. "गणितात छत मी धरलंच नव्हतं," ती म्हणाली. "फक्त किडे बघितले. त्या ट्रकवर शाळेचं नाव लिहिलं होतं."

मग ती उठली, पायाने जमिनीवरचा नकाशा पुसला आणि गोदामपालाला म्हणाली, "एकही थप्पी तपासल्याशिवाय हलणार नाही. माझ्या सांगण्यावरूनसुद्धा नाही." मग सचिवांना फोन लावून तिने स्वतःच आपली चूक सांगितली आणि आणखी वेळ मागितला. पलीकडून काय बोलणी बसली ते मला कळलं नाही, पण ती "हो, हो, खरंय" म्हणत ऐकून घेत होती. ट्रक ठरल्या सकाळी निघाले, पण निम्मेच. उरलेले पुढच्या काही दिवसांत एकेक करून गेले. साठ्यातला बराच मोठा भाग चांगला निघाला, तो शाळांना आणि दुकानांना पोचला.

राहिला खराब मका. त्यात निळा रंग मिसळून खड्ड्यात पुरायचं ठरलं. ही बातमी लागली आणि फाटकाशी गर्दी जमली. खराब मालाचा ट्रक बाहेर येताच लोकांनी तो अडवला. पुढच्या काचेवर दगड बसला, काच तडकली. पोलीस काठ्या सरसावून पुढे झाले. तेवढ्यात किडेबाई ट्रक आणि लोकांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. मी ओरडले, "अगं, मागे ये!" तिने ऐकलं नाही.

एक बाई, कडेवर पोर, तिच्या अगदी तोंडाशी आली. "आमचं अन्न मातीत घालताय. तुम्ही घरी पोटभर जेवता ना?"

"हो," किडेबाई म्हणाली. "जेवते."

गर्दीला ते अपेक्षित नव्हतं. क्षणभर सगळे थबकले.

"मी जेवते, आणि तुम्ही उपाशी आहात. त्यावर माझ्याकडे बोलायला काही नाही. पण हा मका झाडून नेऊन खाल्ला आणि मागच्या वस्तीतली झाडूवाली गेली. शाळेतली एक मुलगी इस्पितळात आहे, ती वाचेल का ते मला माहीत नाही. हे तुमच्या पोराला घालू देणार नाही मी."

"खोटं!" मागून कुणी ओरडलं. "व्यापाऱ्याला विकणार!"

तेव्हा झाडूवालीचा नवरा ट्रकवर चढला. त्याने एक पोतं फाडलं आणि निळा मका दोन्ही हातांत घेऊन लोकांना दाखवला. "माझ्या बायकोने खाल्लाय हा," तो म्हणाला. एवढंच म्हणाला. लोक लगेच पांगले असं नाही. शिव्या चालू राहिल्या, आणखी एक दगड आला. पण मघाची बाई आधी बाजूला झाली, तिच्यामागून इतर, आणि ट्रक हळूहळू पुढे सरकला.

चिमणी बरेच दिवस इस्पितळात होती. नणंद तिच्या खाटेखाली चटई टाकून राहायची. डॉक्टर आशेचं बोलत नव्हते. किडेबाई रोज जायची, दारात उभी राहायची, आत जायचा धीर होत नसे. एक दिवस नणंदेनेच हाक मारली. "तिथे खांबासारखी काय उभी राहतेस? ये, हिला धर, मला अंघोळ करायचीये." किडेबाई आत गेली आणि त्या मुलीचं डोकं मांडीवर घेऊन बसली. त्यानंतर चिमणी हळूहळू सावरली. पिवळेपणा ओसरला. ती पुन्हा बडबडू लागली, इतकी की शेजारच्या खाटेवरची म्हातारी तक्रार करायची. तिचं यकृत पूर्ववत होणार नाही, तिला जन्मभर जपावं लागेल, हेही डॉक्टरांनी सांगितलं. नणंदेने तिला शाळेतून काढून आपल्या घरी नेलं. कुणाला विचारलं नाही, सांगितलंही नाही.

नंतर खात्याने नवं धोरण आखायला समिती नेमली आणि किडेबाईला तीत घेतलं. जुना माल आधी बाहेर, थप्प्या बुटक्या, प्रत्येक थप्पीची तपासणी, छतांची दुरुस्ती, हे सगळं फारसं न भांडता मान्य झालं. भांडण झालं ते एका कलमावरून. गोदामात सांडलेला मका कुणाच्या पोटात जाऊ नये, आणि जे तो झाडतात त्यांना त्याऐवजी चांगलं धान्य द्यावं, असं तिने लिहिलं होतं. समितीने ते काढलं, कारण झाडणाऱ्या बायका खात्याच्या नोकर नव्हत्या, ठेकेदाराच्या होत्या. तिने पुन्हा घातलं, त्यांनी पुन्हा काढलं. शेवटच्या बैठकीला सचिव स्वतः होते. एक सदस्य तिला म्हणाला, "बाई, हे धान्य धोरण आहे, दानधर्म नाही."

"विष कुठून बाहेर पडतं, ते मी सांगतेय," ती म्हणाली. "तुम्ही गोदामाची सगळी दारं लावताय आणि मागचं उघडं ठेवताय."

सचिवांनी लेखणी उचलली आणि ते कलम परत लिहिलं.

झाडणाऱ्यांच्या धान्याच्या पहिल्या वाटपाच्या दिवशी आम्ही दोघी वस्तीत गेलो होतो. म्हातारी सासू आता स्वतः झाडायला जात होती. पिशवी हातात आल्यावर तिने त्यात हात घालून मका वर काढला, वास घेतला, एक दाणा दाताखाली फोडला.

"चांगलाय," ती म्हणाली. मग किडेबाईकडे बघून विचारलं, "हे तुम्हाला आधी ठाऊक होतं का बाई? सुनेच्या आधी?"

मी अंग चोरलं. किडेबाईने नजर चुकवली नाही.

"ठाऊक होतं, आजी. लिहून दिलं होतं. कुणी वाचलं नाही, आणि मी दुसऱ्यांदा दार ठोठावलं नाही."

म्हातारीने पिशवीचं तोंड बांधलं, ती डोक्यावर घेतली आणि दळायला निघून गेली.